तिसरी तिवई

आमच्या पनवेलात त्या काळी बैलगाडीची चाकं बनायची. तिवईदादाने बनवलेलं चाक तर असं, की खंडाळ्याच्या घाटात गाडीपासून सुटलं तरी एकटंच पुण्याला जाई, पेठेत माल उतरवून पावती घेई आणि संध्याकाळच्या आत सुतारआळीत परत येई. खोटं वाटत असेल तर खोपोलीच्या जुन्या गाडीवानांना विचारा. ते आता हयात नाहीत, हा काही माझा दोष नव्हे. पण जन्मभर चाकांच्या जोड्या बनवणाऱ्या या माणसाला 'दोन' या आकड्याचा मनस्वी तिटकारा होता. चहा प्यायचा तर एक कप, नाहीतर थेट तीन. दुसरा कप पुढे केला की म्हणायचा, "बाबू, तिसरा देणार असशील तर हा घेतो."

बाबू म्हणजे मी. बाजारपेठेत माझं गोळीसोड्याचं दुकान होतं. माझ्या सोड्याची बाटली फोडली की तिचा आवाज उरणपर्यंत जाई आणि मिठागरावरचे लोक दुपार झाली म्हणून भाकरी सोडायला बसत. ते असो.

दादाचा हा तिटकारा उगाच नव्हता. गावात पक्ष दोन. त्यांची लांबलचक नावं होती, पण आम्ही खुणेवरून त्यांना छत्रीवाले आणि घंटावाले म्हणायचो. सुतारआळीला नळ हवा होता. छत्रीवाले नगरपालिकेत निवडून आले की आळीच्या तोंडाशी नळासाठी खड्डा खणायचे. घंटावाले आले की खड्डा चुकीच्या जागी आहे म्हणून बुजवायचे. पुन्हा छत्री, पुन्हा खड्डा. इतक्या वेळा ती माती वर आली आणि खाली गेली की तिला स्वतःलाच पाठ झालं असेल. पाणी मात्र दादा विहिरीवरूनच आणायचा. बायको ऐन उमेदीत गेलेली, मूल नाही. एक घागर भरली की त्याचा दिवस निघे.

एका सभेत वकिलीचा काळा कोट घातलेले एक पुढारी म्हणाले, "आमचे हे दोन पक्ष म्हणजे लोकशाहीच्या गाडीची दोन चाकं आहेत." टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून दादा उठला. "साहेब, चाकं माझ्याकडे बनतात. दोन चाकांची गाडी बैल सोडले की तोंडावर पडते. आणि बैल आम्ही आहोत." सभा इतकी हसली की मंडपाचे दोन खांब कलले. पुढारीही हसले. दादा तेवढा हसला नाही. तो खरंच विचारात पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने चाकाचं काम बाजूला ठेवलं आणि तीन पायांची तिवई बनवली. ती घेऊन माझ्या दुकानात आला. माझ्या दुकानातली फरशी इतकी उंचसखल होती की तिच्यावर गोटी ठेवली तर ती चारी दिशांना जायची. तिवई ठेवून तो म्हणाला, "हलव." हलेना. "चार पायांची खुर्ची ठेव." ठेवली, लागली डुगडुगायला. "बघितलंस? तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात. गावाला तिसरा पक्ष पाहिजे, बाबू. खूण तिवई."

"नाव काय पक्षाचं?"

"तीन सभासद झाले की ठेवू. दोघांनी ठेवायला गेलं तर भांडण होतं. तिसरा आला की निकाल लागतो."

तेव्हापासून त्याचं नाव तिवईदादा पडलं. खरं नाव एका पोस्टमनला ठाऊक होतं, आणि दादाला पत्रच येत नसल्यामुळे तोही विसरला.

दर रविवारी चार वाजता पक्षाची सभा. दादा अंगणातला भुसा झाडायचा, अकरा तिवया गोलात मांडायचा, स्वतः एकीवर बसायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. लोक यायचे. नाही असं नाही. तिवई बघायचे, ठोकून बघायचे, "दादा, एक घरी नेऊ का?" म्हणायचे आणि घेऊन जायचे. दादा प्रत्येकाला द्यायचा. म्हणायचा, "बसायची सवय तर लागू दे." छत्रीवाल्यांनी कचेरीसाठी सहा नेल्या, घंटावाल्यांनी कमीपणा नको म्हणून सात. एका रविवारी मी साडेपाचला गेलो तेव्हा तो एकटाच बसून समोरच्या दहा रिकाम्या तिवयांना खड्ड्याबद्दल काहीतरी समजावत होता. मला बघून गप्प झाला आणि म्हणाला, "आत्ताच उठून गेले सगळे." इतकी मोठी थाप मीसुद्धा कधी मारलेली नाही.

पहिली सभासद मिळाली ती धर्मीबाय. कोळीवाड्यातली, दारोदार मासे विकणारी. छत्रीवाल्यांनी खड्डा खणला होता, भोवतीचं कुंपण घंटावाल्यांनी काढून नेलं आणि मधल्या मधे धर्मीबाय टोपलीसकट आत पडली. वर आली ती तशीच दादाच्या अंगणात. "तुजा पक्ष कंचा तो? मना घे त्यात. माजा आंगठा हाय."

"आता एक माणूस आलं की नाव ठेवू," दादा म्हणाला. त्या दिवशी तो तीन कप चहा प्याला.

नगरपालिकेची निवडणूक लागली. अर्ज भरायचा तर एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक धर्मीबाय. दादा माझ्याकडे आला, पण बसला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे काही मागितलं. "बाबू, अनुमोदक होशील? मत नाही दिलंस तरी चालेल. नुसती सही. निवडून येत नाही हे मलाही कळतं रे. पण अर्ज तरी तिघांचा होऊ दे."

मी छातीवर हात मारून म्हणालो, "दादा, सहीच काय, रक्ताचा अंगठा देतो!" बोलण्यात मी कधी कमी पडलो नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी छत्रीवाल्यांचा माणूस दुकानात आला. "बाबूशेठ, प्रचारभर सोडा तुमचाच हं. दुपारी मात्र घरी पडून राहा. ऊन फार आहे." तो गेला आणि तासाभरात घंटावाल्यांचा आला. सोडा तुमचाच, म्हणाला. आणि म्हणाला, "दुपारी बाहेर पडू नका. ऊन फार आहे." या दोन पक्षांचं इतकं एकमत मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुपारी मी दुकानाची फळी लावून आत बसलो. मुदत तीनची. पुढचं मला लोकांनी सांगितलं. दादाने नगरपालिकेच्या पायऱ्यांवर तीन तिवया मांडल्या होत्या. एकीवर तो, धुतलेली टोपी घालून. एकीवर धर्मीबाय. तिसरी मधे, रिकामी. येणाऱ्याजाणाऱ्याने टेकू का विचारलं तर दादा सांगायचा, "धरलेली आहे. आमचा माणूस येतोय." घड्याळात तीन वाजले तसं कारकुनाने दार ओढून घेतलं. धर्मीबाय म्हणाली, "चल आता." दादा म्हणाला, "थांब जरा. त्याच्याकडे गिऱ्हाईक असेल." चारपर्यंत तो थांबला होता म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मी ताप आल्याची गोष्ट तयार ठेवली होती. असा ताप, की अंगावर सोड्याची बाटली ठेवली तर उकळेल. त्याने विचारलंच नाही. हातातली तिवई फरशीवर ठेवली. "ही तुझी. कोरी आहे. कोणाला बसू दिलं नाही." आणि निघून गेला.

पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, ट्रक आले. चाकं कोणी मागेना. रविवारच्या सभा तो घेत राहिला. मी रस्त्याच्या पलीकडून जायचो. तो हात वर करायचा, मीही करायचो. गेला तेव्हा पक्षात सभासद दोनच होते, म्हणून पक्षाला नाव नव्हतंच.

शोकसभेला दोन्ही पक्ष आले, आपापल्या तिवया घेऊन. छत्रीवाले म्हणाले, दादा मनाने आमचेच होते. घंटावालेही तेच म्हणाले. धर्मीबाय उठली. "दोगंबी खोटं बोलतान. तो कोनाचा नव्हता. एकलाच होता." मग तिने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही बाजूंना सोडा वाटत होतो. "आनि तो एकला कोनी ठेवला, ते हितंच बाटल्या वाटतंय."

ती तिवई अजून माझ्या दुकानात आहे. त्याच उंचसखल फरशीवर. एवढ्या वर्षांत एकदा डुगडुगली नाही. दुपारचं दमलेलं गिऱ्हाईक येतं आणि टेकायला जातं, तेव्हा मी खुर्ची पुढे करतो.

"तिच्यावर नको. धरलेली आहे."

"कोणासाठी?"

"एक अनुमोदक यायचाय."

हा बाबू सोडावाला पुन्हा काहीतरी थाप मारतोय असं वाटून ते हसतात, आणि डुगडुगत्या खुर्चीवर बसतात.