कोणाचा कोणता कान

उज्ज्वलाने कळण्याची भाकरी तव्यावर टाकली आणि दार वाजलं. दारात धुडकूआबा, हातात शाळकरी वही. सुरतेच्या पांडेसऱ्यात तीस वर्षं कापडाचे खडखडाटी लूम चालवलेला माणूस; बोलताना डावा कान पुढे करायचा. आबा सोयीपुरतं ऐकतात, असं सगळी गल्ली म्हणायची. उज्ज्वलासुद्धा.

“स्वाती शे ना घरमा?”

उज्ज्वलाची लेक स्वाती एम.एस.डब्ल्यू. करत होती. कानात बोळे घातले तर लूमवाल्यांचे कान वाचतात का, हा तिचा अभ्यास. तिचे बोळे आवाज दबवणारे, पण धागा तुटला तर कळू देणारे. मालकाने शेडवारच वाटायला सांगितलं, म्हणून तिने पहिल्या शेडला दिले. दुसरीची पाळी तीन महिन्यांनी. आबा दुसरीतले.

“आम्ही काय पाप केलं, माय?” स्वाती बाहेर येताच आबांनी विचारलं.

“तुलनेला एक शेड तशीच लागते ना, आबा.”

“पहिलीत मशिनं नवी, पोरं पंचविशीची. आमची मशिनं खटारा अन् माणसंबी खटारा! त्यांचे कान बरे निघाले, तर ते बोळ्याने का वयाने?”

स्वाती ओशाळली. “खरंय. चिठ्ठ्या टाकून माणसं वाटली असती, तर तो खरा प्रयोग. आयत्या शेड मिळाल्या, म्हणून माझा नुसता प्रयोगासारखा. काही केलं तरी शंका राहतेच.”

“चिठ्ठ्या आम्ही सहा वर्षांआधीच टाकल्या.”

तेव्हा मालक म्हणाला होता, कान वयाने जातात. आबांना ते पटेना. वयाने गेले, तर दोन्ही सारखेच जातील ना? शेडमधल्या बारा जणांनी एकाच कानात चिंधी कोंबायचं ठरवलं. दोन्ही बुजवले तर धागा तुटल्याचं कळत नाही. कोणता कान, यावर भांडण जुंपलं. शेवटी आबांच्या अनुसयाबाईंनी डब्यात सहा डाव्या, सहा उजव्या चिठ्ठ्या घातल्या. आबांना डावा आला. मग दर अमावास्येला बाई गजराचं घड्याळ धरून उभ्या राहत. एक कान दाबून, दुसऱ्याला टिकटिक ऐकू येईनाशी होईपर्यंत एकेक जण मागे सरके; मग कान बदलून पुन्हा. जितकी पावलं, तितकी वहीत.

उज्ज्वलाने शेवटचं पान उघडलं. बुजवलेला कान : आठ, सात, नऊ. उघडा : तीन, दोन, तीन. बारांतल्या एकाचेच दोन्ही सारखे. भाकरी करपल्याचा वास आला, तरी तिला उठवेना. तोच माणूस, तेच वय, तेच मशीन, आणि दोन कान. सहा वर्षं तिने या माणसाची टिंगल केली होती.

“एक कान उघडा ठेवा, असं मी कोणाला सांगूच शकले नसते,” स्वाती हलक्या आवाजात म्हणाली.

आबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी डावा कान आणखी पुढे केला. “मग आता आमची शेड तुलनेला तशीच ठेवायला नको ना?”

स्वातीने होकारार्थी मान हलवली.

“तर एवढं कर, बेटी. बारा जणांचे बोळे आजच दे.”