भोंग्याचे तीन पुकारे

कोर्टात त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. भोंगा म्हणत. वकील म्हणत, कारकून म्हणत, फाटकापाशी चहा विकणारी बाईसुद्धा म्हणे, आणि तो खुशाल ओ देई. त्याचं काम एकच. पहिल्या मजल्यावरच्या दालनाच्या दारात उभं राहून खटल्यातल्या माणसांची नावं पुकारायची. तीनदा पुकारायची. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही, तर माणूस गैरहजर. आणि ज्यानं अर्ज केला तोच गैरहजर असला, तर अर्ज तिथल्या तिथे काढून टाकता येई. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा गडी रोज चढायचा, आणि वर जाऊन दुसऱ्यांनाही बोलवायचा!

पण आवाज काय होता, अहो! जिना उतरून, अंगण ओलांडून थेट चहाच्या टपरीपर्यंत जायचा. त्या एका आवाजावर सगळ्या इमारतीची घडी बसली होती. वरचा व्हरांडा अरुंद, आणि भांडणारी दोन्ही घरं तिथंच एकमेकांकडे डोळे वटारून उभी. म्हणून वकील आपल्या माणसांना सांगत, "खाली जिन्यामागच्या बाकावर बसा. भोंगा वाजला की वर या." एवढं सांगून ते दुसऱ्या कोर्टात पळत. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण नवा वकील आला की पहिल्या दिवशी हेच शिकायचा.

गेल्या थंडीत त्याचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण पहिला आवाज आता विसरा. व्हरांड्यातल्या लोकांना काही कळलं नाही, कारण तिथवर ऐकू जात होतं. कळलं ते बायकोला, आणि त्याचा वरिष्ठ असलेल्या शिरस्तेदाराला. शिरस्तेदार जुना दोस्त. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप राहा. नाहीतर तळघरात जुन्या कागदांची धूळ झटकत बसशील." भोंगा गप राहिला. मान ताणून, लालबुंद होऊन पुकारत राहिला. पुकारा खाली पोचला नाही, तरी तेव्हा माणसाला पुढची तारीख मिळे, एवढंच. लाज वाटायची त्याला, दुसरं काय! ज्याचं नावच भोंगा, त्यानं आवाज गेला हे कुठल्या तोंडानं सांगावं?

अशातच वरच्या कोर्टाचा हुकूम आला. खालच्या कोर्टांत जुनी प्रकरणं तुंबली आहेत, ती निपटा. गैरहजर माणसांना पुढच्या तारखा देत बसू नका. त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा अर्ज पुकाऱ्याला आला. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं आणि लहानगी मुलगी ठेवून घेतली होती. लेक परत मिळावी, एवढंच तिचं मागणं. भोंग्यानं तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. न्यायाधीश बाईंनी दोन ओळी लिहिल्या आणि पुढचं प्रकरण घेतलं.

दुपारच्या सुट्टीत तो खाली उतरला, तर जिन्यामागच्या बाकावर ती बसलेली. मांडीवर पिशवी, पाठ ताठ.

"मामा, आज काही होणार, की परत तारीखच?" तिनं विचारलं.

"तुझं प्रकरण होऊन गेलं, पोरी," तो कसाबसा म्हणाला. "काढून टाकलं."

"असं कसं? मी सकाळपासून इथंच आहे. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही!"

मग तिला रडू फुटलं.

तिच्या वकिलानं प्रकरण पुन्हा उघडायचा अर्ज केला. नवऱ्याचा वकील हसला. "भोंग्याचा पुकारा ऐकू आला नाही? अहो, तो बहिऱ्यालासुद्धा ऐकू येतो!" सगळे हसले. पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. हा अर्ज फेटाळला गेला असता तर वरच्या कोर्टात अपील, म्हणजे कित्येक वर्षांचं काम. आणि तोवर त्या चिमुरडीला आईचा चेहराही आठवला नसता.

भोंग्याला अन्न गोड लागेना. कोर्टात खरं सांगून टाकू का, असं त्यानं विचारलं, तेव्हा शिरस्तेदारानं कपाळाला हात लावला. "तू तुझं काम केलंस. तीनदा पुकारलंस. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस?" घरी बायकोला विचारलं, तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "तुमचं ठरलंय. मला कशाला विचारता? उद्याचा सदरा धुऊन ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेतली. म्हणाला, "मॅडम, पुकारलं मी. पण माझा आवाज आता खाली पोचत नाही. हिवाळ्यापासून पोचत नाही. मी लपवलं."

दालनात कुणी हसलं नाही. नवऱ्याचा वकील मात्र उठला. "याला बाईची दया आलीय, मॅडम. आत्ताच्या आत्ता पुकारायला लावा. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाईल."

न्यायाधीश बाईंनी मान हलवली. बाईला खाली त्याच बाकावर बसवलं आणि तिच्याशेजारी एक कारकून बसवला, अवाक्षर न बोलण्याची ताकीद देऊन. भोंगा दारात गेला.

हळू पुकारलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं असतं? सगळे पाठीमागे उभे. गळ्यात किती जोर आहे हे कोण मोजणार? पण त्यानं पिंजऱ्यात शपथ घेतली होती, आणि खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात एक वेडी आशाही उठली होती, की आज कदाचित जाईल आवाज, पूर्वीसारखा फाटकापर्यंत. त्या आशेची त्याला स्वतःलाच भीती वाटली. आवाज पोचला, तर तिची लेक गेली.

त्यानं छाती भरून घेतली आणि तिचं नाव पुकारलं. मानेच्या शिरा टरारल्या. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा आवाज मधेच चिरकला. तिसऱ्यांदा त्यानं चौकट दोन्ही हातांनी धरली आणि होतं नव्हतं ते सगळं त्या नावात ओतलं.

सगळे जिन्याकडे बघत राहिले. जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

नवऱ्याचा वकील खाली बसला. न्यायाधीश बाईंनी लिहून घेतलं, की प्रकरण पुन्हा चालेल, आणि आजच चालेल. मग चष्मा काढून त्या हलकेच म्हणाल्या, "तुम्हीच घेऊन या त्यांना."

तो कठड्याला धरून जिना उतरला. डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं. त्याला बघताच ती धडपडून उठली.

"मामा, आत्ता तरी पुकारलं का हो माझं नाव?"

"पुकारलं, पोरी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तीनदा पुकारलं. चल वर."