न चाखता पिकवलेले टमाटर

डायलिसिसच्या खाटेवर तासन् तास पडून राहावं लागतं. एका हातात सुया, दुसरा हात मोकळा. बहुतेक जण झोपतात. माझ्या शेजारच्या खाटेवरची अपेक्षा जगदाळे मात्र मोकळ्या हातानं मोबाईलवर टमाटरांचे फोटो बघत बसायची आणि मलाही दाखवायची.

"काका, हा बघा. पट्ट्यापट्ट्यांचा. पिकला तरी हिरवाच राहतो."

मी म्हणायचो, "अगं, निदान इथं तरी ते नाव काढू नकोस."

कारण आम्हा सगळ्यांनाच टमाटर बंद होते. त्यात पोटॅशियम असतं. किडन्या निकामी झाल्या की ते रक्तात साठतं आणि हृदयावर येतं. हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलेलं, की भाजीच्या ठेल्यावर लाल ढीग दिसला तरी मी नजर वळवायचो. अपेक्षा नजर वळवणाऱ्यातली नव्हती.

मी मूळचा धारचा, पोस्टातून निवृत्त झालेला, आता देवासला मुलाकडे असतो. अपेक्षा इथल्याच एका जुन्या मराठा घरातली सून. एके काळी घरात दरबारची मानाची वस्त्रं होती म्हणतात. आता नवरा वीरेंद्र कारखान्यात सुपरवायझर आहे आणि ती स्वतः एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. गळ्यात शिट्टी, पायात बूट, खो-खोच्या मुलींच्या मागे धावणारी. एक दिवस मैदानातच कोसळली. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, दोन्ही किडन्या गेल्यात.

शाळेनं तिचा निरोपसमारंभ केला. तिनं राजीनामा दिलेलाच नव्हता.

"शाल पांघरली, नारळ दिला आणि म्हणाले, मॅडम, अब आराम करो," ती मला सांगत होती. "मी विचारलं, मेरा पीरियड कौनसा है? सगळे हसले. काका, मी विनोद केला नव्हता."

घरीही तेच. उठली की कुणीतरी म्हणायचं, बस. तिच्या सासूबाई, भवानीबाई, टेकरीवरच्या देवळात जाऊन माताजीसमोर बोलून आल्या, की सूनबाई बरी होईपर्यंत मी टमाटर तोंडात घालणार नाही. सासूबाईंनी सोडले म्हणून घरातच येणं बंद झालं. सेव-टमाटरची भाजी बंद, आमटीतली फोड बंद. वीरेंद्र कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गुपचूप खायचा. एकदा त्याच्या शर्टावर रश्शाचा डाग दिसला आणि हे सगळं तिला कळलं.

ती भडकली. "मी जिवंत आहे अजून. माझं सुतक कसलं पाळताय घरात?"

भवानीबाई म्हणाल्या, "तुझ्यासाठीच करतोय ना, बेटा."

"माझ्यासाठी करायचं तर भाजी आणा, आईसाहेब. तुम्ही नाही आणलीत तर मी उगवीन."

नुसती बोलली नाही. पेंटच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, गंजलेल्या कूलरची टाकी असं सगळं तिनं गच्चीवर चढवून घेतलं. 'घेतलं' म्हणतो, कारण तिच्या डाव्या हातात सुयांसाठी नस जोडलेली, त्या हातानं ओझं उचलायचं नाही. डॉक्टरांनी मातीत हात घालायला आधी नकारच दिला होता. मग हातमोजे आणि तोंडावर मास्क या अटीवर ते कसेबसे तयार झाले. ती उजव्या हातात मग धरून एकेका बादलीला पाणी घालायची. तिला स्वतःला दिवसाला मोजून लिटरभर पाणी, तेही औषधं धरून. भर उन्हात झाडांना पाणी पाजायचं आणि आपण ओठ ओले करून खाली यायचं. हे तिनं कधी रडून सांगितलं नाही. "झाडांना किडनी नसते, काका. पितात बिचारी मनसोक्त," एवढंच म्हणायची.

पहिल्या वर्षी पांढरी माशी पडली. पानं आकसली, शेंडे गोळा झाले. निम्म्याहून जास्त रोपं तिनं मुळासकट उपटून टाकली, नाहीतर बाकीचीही गेली असती. घरच्यांना वाटलं, झालं, हौस फिटली. पुढच्या पोळ्याच्या सुमाराला तिनं परत बी टाकलं. या वेळी रोपांवर जाळी होती.

बी कुठून कुठून आलं होतं. काही पाकिटं कुरिअरनं मागवलेली. एक बी आमच्या डायलिसिसच्या टेक्निशियन अंजूनं दिलं. ती उदयनगरची. तिकडे कुंपणावर आपोआप येणारे बोराएवढे आंबट टमाटर तिनं मावशीकडून कागदावर वाळवून आणले होते. डिसेंबर सरता सरता गच्ची भरून गेली. पेरूच्या आकाराचे पिवळे, पट्ट्यांचे हिरवे, गुच्छानं लटकणारे चेरी, घड्या पडलेले मोठे लाल, आणि एक जात तर काळपट तपकिरी. काळे बघून शेजारणी म्हणाल्या, नजर लागली झाडाला. वीरेंद्रची एक काकी लग्नाचं आमंत्रण द्यायला आली आणि गच्ची बघून हळहळली.

"जे खाता येत नाही ते लावायचंच कशाला गं? जिवाला उगाच त्रास."

अपेक्षा म्हणाली, "काकी, तुमच्या दारात कण्हेर आहे ना? ती खाता का तुम्ही?"

त्याच हिवाळ्यात शहरात फुलं-भाज्यांचं प्रदर्शन भरलं. कुंड्यांत पिकवलेल्या भाज्यांचा वेगळा गट होता. अपेक्षानं नाव दिलं. आदल्या दिवशी आमचा डायलिसिस होता, त्यामुळे ती थकलेली होती, पण रविवारी सकाळी टोपली घेऊन हजर. टोपली अर्थात भवानीबाईंच्या हातात. मीही रिक्षा करून गेलो.

तिनं प्रत्येक जातीचे टमाटर वेगळ्या ताटलीत मांडले होते, पुढे नाव लिहिलेली चिठ्ठी. गर्दी तिच्याच टेबलाशी. मग परीक्षक आले. त्यातले मुख्य जाडजूड गृहस्थ, कोटाच्या खिशाला फूल लावलेले. त्यांनी काळा टमाटर उचलून फिरवून पाहिला.

"घर का है? बाज़ार से तो नहीं उठाया?"

"घर का है, सर. गच्ची पे चलो, दिखाती हूँ."

"ठीक है. नियम मालूम है ना? उगाने वाला खुद चखकर स्वाद बताएगा."

हा नियम तिला माहीत नव्हता. अर्जात कुठं छापला असेल तर तिनं वाचला नव्हता. तिनं हातातली चिठ्ठी ताटलीपुढे सरळ केली. मग म्हणाली, "मैं नहीं चख सकती. डायलिसिस पर हूँ. मना है."

गृहस्थ हसले. वाईट हेतूनं नसेल, पण हसले. "तो फिर उगाती क्यों हो, भाई?"

आजूबाजूचे दोघे-चौघेही हसले. मी तिच्याकडे पाहिलं. मैदानावर मुलींना उभं करायची तशी ती उभी होती, पाय घट्ट रोवून.

"क्योंकि उगा सकती हूँ," ती म्हणाली.

तेवढ्यात भवानीबाई पुढे आल्या. पदर डोक्यावर, आवाज घरात कुणी कधी ऐकला नसेल असा. "सूनबाई, सुरी दे."

"आईसाहेब, तुमचं माताजीला..."

"सुरी दे म्हटलं ना."

त्यांनी पिवळा कापला, खाल्ला, डोळे मिटले. "हा मधाळ. आंबटपणा नावालाच." मग पट्ट्यांचा. "हा कैरीच्या वाटेनं जातो." मग काळा. तो त्यांनी बराच वेळ चघळला. "हा दमदार आहे. भाजलेल्या वांग्यासारखा. मीठ नसलं तरी चालेल." शेवटी उदयनगरचा बारीक दाणा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहराच आंबला. "अगं बाई, दाढा गेल्या माझ्या!" लोक परत हसले, पण या वेळी त्यांच्यासोबत.

परीक्षकांना मराठी कळत होतं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "माताजी, नियम तो उगाने वाले का है. एंट्री अलग रखनी पड़ेगी." आणि टेबलावरचा स्पर्धेचा नंबर त्यांनी काढून घेतला.

अपेक्षा म्हणाली, "फिर बोर्ड पे लिख दो, किडनी वाले नहीं आ सकते. लिख दो, मैं अभी चली जाती हूँ."

त्यांनी काही लिहिलं नाही. ते पुढच्या टेबलाकडे गेले. अपेक्षा मात्र जागची हलली नाही. स्वयंसेवकानं येऊन टेबल रिकामं करायला सांगितलं तेव्हा तिनं त्याच्याच हातावर एक फोड ठेवली. "चख, भिया. और बता कैसा है." तो खाऊन तिथंच उभा राहिला. संध्याकाळपर्यंत रांग लागली होती. ती कापत होती, मीठ लावत होती, आणि प्रत्येकाला चव विचारत होती. कुणी नुसतं "अच्छा है" म्हणालं की सोडायची नाही. "अच्छा मतलब? गोड? खट्टा? ठीक से बताओ." बक्षीस अर्थात दुसऱ्याच कुणाला मिळालं, एका वांग्याला. जाताना आम्ही ते वांगंही पाहून आलो. चांगलं होतं.

परतताना तिघं एकाच रिक्षात होतो. अपेक्षा म्हणाली, "आईसाहेब, माझ्यापायी बोललेलं मोडलंत."

भवानीबाई बाहेर बघत होत्या. "मोडलं कुठं? बरी होईपर्यंत म्हटलं होतं. आजार राहील तसा राहील. पण आज तुला बघितलं मी, तू बरीच आहेस. माताजीला तसं सांगून येईन."

अपेक्षानं तोंड दुसरीकडे वळवलं. मी मोबाईल काढून उगाच बघत बसलो.

त्यानंतर त्या घरात सेव-टमाटर परत होऊ लागलं, गच्चीवरचंच. अपेक्षाच्या ताटात ते नसतं. तिनं पथ्य एकदाही मोडलेलं नाही. आयोजकांकडून या वर्षी फोन आला होता. स्पर्धेबाहेर, खास पाहुण्या म्हणून एक टेबल सजवाल का? फोटोबिटो काढू. ती म्हणाली, स्पर्धेत घेत असाल तर येते, नाहीतर माझी गच्ची आहे. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

परवा खाटेवर पडल्या पडल्या तिनं मला फोटो दाखवला. देठाकडे जांभळा असलेला नवा टमाटर, बी मागवलंय म्हणे. मी विचारलं, याची चव कशी असते?

"बघू ना," ती म्हणाली. "लावते, मग विचारते लोकांना."