सुरूच्या बनापलीकडचा किनारा

दरवर्षीप्रमाणे आम्ही सगळे सुरूच्या बनातून समुद्राकडे निघालो होतो. बाबांच्या पायांतलं बळ वर्षभरात फारच कमी झालं आहे. अर्ध्या वाटेवर ते एका पडलेल्या खोडावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मला इथूनही लाटा ऐकू येतायत." आई थांबू लागली, तर तिलाही त्यांनी हट्टानं आमच्याबरोबर पाठवलं.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. आभाळ भरून आलं होतं, पाणी मातकट दिसत होतं. माझी मुलगी लाटांकडे धावली. आई मात्र वाळूत नुसती उभी राहिली. तिचा उजवा हात कोपरात वाकलेला होता, बाबांना आधार देताना असतो तसा. हे तिच्या ध्यानातही नसावं.

माणूस आपल्यातून एकदम जात नाही. आधी एकेका ठिकाणी त्याचं येणं थांबतं, आणि आपण त्याच्याशिवाय तिथवर जाऊन येतो.

"आई, बसतेस जरा?"

"नको. ते एकटे आहेत तिकडे."

मी मुलीला हाक मारली, आईचा हात धरला आणि आम्ही परत निघालो. तिला जायची घाई होती, तरी पावलं बाबांच्याच चालीनं पडत होती.