पाठीवरची शेगडी

थंडी पडल्यापासून बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी विझत नाही. महिन्याच्या नातीला आम्ही सकाळ-संध्याकाळ शेकतो. बायको मात्र तिला उचलून घेत नाही. थायरॉइडची गोळी रोज घेऊनही हिचे हात गारच. "नको गं, दचकेल ती," असं लेकीला सांगते आणि लांबूनच बघत बसते.

आज लेक दुपटं बदलत होती. बाळ उघडं, पण कुडकुडणं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांच्या मधे तपकिरी चरबी असते, ती जळून ऊब देते. थायरॉइडचं संप्रेरक रक्तातून फिरतं ते बहुतांशी निजलेलंच, काम न करणारं. हिच्या गोळीतही तेच असतं. गारठा लागला की त्या चरबीच्या पेशी त्यातला आयोडीनचा एक अणू काढून टाकतात आणि ते जागं होऊन चरबी जाळायला लावतं.

मला नवल वाटतं ते याचंच. जागं व्हायला त्याला काही मिळवावं लागत नाही, उलट जवळचं थोडं सोडावं लागतं. आपण माणसं तर सगळं कवटाळून बसतो, हातातली भीतीसुद्धा.

"आण तो हात," म्हणत लेकीने आईचा हात ओढला आणि बाळाच्या पाठीवर ठेवला.

"अगं, गार आहे!"

बाळ जरासं हललं आणि पुन्हा झोपी गेलं. बायकोने हात काढला नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, हीच मला शेकतेय."