मामांचा डावा ठोसा

सुतार माणूस आपला हात जिवापाड जपतो. मामांनी मात्र चांगला चाललेला उजवा हात बाजूला ठेवला आणि पन्नाशीला टेकल्यावर डावखुरं व्हायचं ठरवलं. वेड लागलं म्हणा हवं तर. मामी तेच म्हणत होत्या, आणि शेजारीपाजारी त्यांची री ओढत होते.

कारण होती भाची. आई गेल्यापासून ती मामांच्याच घरी वाढलेली. मामा तरुणपणी बॉक्सिंग खेळायचे, म्हणून तीही त्यांच्यामागे क्लबात जायला लागली आणि बघता बघता त्यांच्या चार पावलं पुढे गेली. समोर कुणीही येऊ दे, पोरगी पाणी पाजूनच परत यायची. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. नदीपलीकडच्या क्लबातल्या एका डावखुऱ्या मुलीकडून ती दोनदा सपाटून हरली होती. आता संघनिवडीची लढतही तिच्याशीच ठरली, तेव्हा भाचीनं सांगून टाकलं की या वेळी हरले तर पुन्हा रिंगमध्ये पाय ठेवणार नाही. ती बोलेल ते करून दाखवणारी, त्यामुळे मामांचं धाबं दणाणलं.

डावखुऱ्याशी खेळायचं म्हणजे सगळा कारभारच उलटा. आपला डावा पाय पुढे, त्याचा उजवा, त्यामुळे पायात पाय अडकतात. ज्या बाजूनं आजवर हलकी टपली यायची, तिकडूनच घणाचा घाव येतो. यावर उपाय काय, तर आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर टाकायचा आणि त्याच्या डाव्या हातापासून लांब सरकत राहायचं. सांगायला सोपं आहे हो, पण सरावाला समोर डावखुरं माणूस तर हवं ना? क्लबात औषधालाही एक सापडेना. तिथं शिकवणाऱ्या सरांनीसुद्धा हात टेकले.

मग मामांनी कंबर कसली. दात घासणं डाव्या हातानं, दाढी डाव्या हातानं, करवत, रंधा, हातोडी सगळं डाव्या हातानं. गालावर कापल्याच्या खुणा, अंगठा सुजून भप्प. एका गिऱ्हाइकाच्या कपाटाला त्यांनी बिजागऱ्या अशा ठोकल्या की दार उघडलं की भिंतीवर आपटायचं. मामी म्हणाल्या, आता झोपायची कूसही बदला. त्या रात्रीपासून मामांनी तीही बदलली. अशा माणसापुढे काय बोलणार?

हळूहळू हात वळला. संध्याकाळी मामा उजवा पाय पुढे टाकून रिंगमध्ये उभे राहायचे आणि भाची त्यांचे ठोसे चुकवून त्यांनाच बदडून काढायची. क्लबात आनंदीआनंद. मग खात्री करून घ्यायला सरांनी बाहेरून एक जन्माची डावखुरी मुलगी सरावाला बोलावली. तिनं पहिल्याच राउंडमध्ये भाचीला दोरांपाशी नेऊन अशी ठोकली की सरांना मध्ये पडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भाची मामांच्या कारखान्यात फळ्यांच्या ढिगावर येऊन बसली. बराच वेळ मामांचं काम बघत राहिली, मग म्हणाली, "मामा, तुझा डावा येतो, पण पोचत नाही."

मामा म्हणाले, वय झालं, हात अजून नवा आहे.

"आत्ता त्याच हातानं तू खिळा एका घावात बसवलास. मला मारताना तेवढा थांबतो. मी तुलाच हरवायला शिकले रे, डावखुऱ्याला नाही."

ते खरं होतं. आईविना वाढलेल्या या पोरीला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. रिंगमध्ये उभे राहूनही ते हातचं राखूनच मारत होते, आणि ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मामांनी खरा ठोसा मारला. भाचीच्या नाकातून रक्त आलं. मामा ग्लोव्हज काढू लागले. भाचीनं बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा."

मग रोज तेच चाललं. मामी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. सुजलेला गाल घेऊन भाची जेवायला बसली की मामा अर्ध्या ताटावरून उठायचे. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उभे राहायचे आणि पुन्हा मारायचे. माया करणारे मामा गल्लोगल्ली मिळतील हो, पण पोरीसाठी एवढं काळजावर दगड ठेवणारा शोधून दाखवा.

लढतीच्या दिवशी मामा सगळ्यात मागच्या बाकावर बसले आणि निम्मा वेळ डोळे मिटून होते. पहिला राउंड डावखुरीनं घेतला, दुसरा भाचीनं. तिसऱ्यात तो डावा आला, पुरा जोर लावून आला. भाचीचा पाय आधीच बाहेर पडला होता आणि तिचा उजवा सरळ हनुवटीवर बसला. पंचांनी हात वर केला तो भाचीचा.

टाळ्या चालू असतानाच ती रिंगमधून उतरली आणि थेट मागच्या बाकापाशी आली. एक डोळा सुजून मिटलेला, ग्लोव्हज तसेच हातात.

"मामा, तिचे दोन-तीन डावे बसले मला," ती म्हणाली. "पण तुझ्यासारखा एकही लागला नाही रे."

मामांनी चारचौघांत हंबरडा फोडला. त्यांना सावरायला भाचीला तिथंच त्यांच्याशेजारी बसावं लागलं.