विमानतळावरून गेलेली कानबाई

ती घटना आठवली की आजही मिशीतल्या मिशीत हसू येतं. त्या दिवशी मात्र घाम फुटला होता. श्रावणातला शुक्रवार होता. आमच्या जळगाव जिल्ह्यातलं छोटं विमानतळ तेव्हा माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं.

शिंदखेड्याकडच्या एक सत्तरीच्या अक्का पुतण्याला घेऊन ठाण्यात आल्या आणि बाकावर बसकणच मारली. "साहेब, मन्ही माय कोठे शे?"

मला वाटलं, म्हातारी आई हरवली. पुतण्यानं खुलासा केला. हरवली होती त्यांच्या घराण्याची कानबाई देवी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुजलेला, नथ घातलेला नारळ. खानदेशात तिला नारळ म्हणायची कोणाची हिंमत नाही. अक्कांची दोन्ही मुलं हैदराबादला. सुट्टी नाही म्हणून चार वर्षं गावी फिरकली नव्हती. शेवटी अक्काच माय घेऊन निघाल्या. रविवारी तिची स्थापना व्हायलाच हवी, नाहीतर घराण्याची परंपरा मोडणार.

तपासणीत जवानानं सांगितलं, सुका नारळ विमानात नेता येत नाही. नियमच तो, त्याची चूक नव्हती. तो पुतण्याच्या हाती द्यायला अक्कांना बाहेर सोडलं, पण विमानातून उतरून येणाऱ्यांच्या दारानं. ते दार इमारतीच्या पार दुसऱ्या अंगाला. पोचवायला आलेला पुतण्या जाणाऱ्यांच्या दाराशी उभा, अक्का येणाऱ्यांच्या दाराशी, मध्ये आडवी भिंत. विमानाची शेवटची हाक झाली. अक्कांनी मायला उद्घाटनाच्या कोनशिलेखालच्या कट्ट्यावर बसवलं, तिला उचलून बसनं हैदराबादला आण, असं पुतण्याला फोनवर सांगितलं आणि आत गेल्या. तो वळसा घालून पोचेपर्यंत कट्टा रिकामा! हे कळल्यावर अक्कांनी विमानात पाय ठेवायला साफ नकार दिला.

ठाणे अंमलदारानं सवयीनं विचारलं, "मुद्देमालाची अंदाजे किंमत?"

"मायनी किंमत?" अक्का अशा कडाडल्या की त्याचा पेन खाली पडला.

मी घटनास्थळी गेलो. इमारत चकचकीत, पण निरोप द्यायला आलेल्यांना सावलीचा एक तुकडा नाही, टेकायला बाक नाही. आपल्याकडे एक माणूस प्रवासाला निघालं की दोन जीपभर माणसं पोचवायला येतात, हे नकाशा काढणाऱ्याला कोणी सांगितलंच नसावं. कॅमेरे होते, पण त्यांची तोंडं गाड्यांकडे. पहारेकरी, झाडूवाली, हमाल, सगळ्यांचे जबाब घेतले. नथ सोन्याची, म्हणून माझा संशय चोरावरच होता. शनिवार कोरडा गेला. अक्का पुतण्यासोबत जळगावातच नातेवाइकांकडे थांबल्या होत्या. त्यांनी अन्नाला हात लावला नाही, असं कळलं.

रविवारी सकाळी एका टॅक्सीवाल्यानं सहज तोंड उघडलं. त्यानं शुक्रवारी विमानतळावरून पाचोऱ्याकडचं एक कुटुंब घरी सोडलं होतं. "साहेब, गाडीत एकाच्याही पायात चप्पल नव्हती. आजीबाईंनी पदराखाली काहीतरी धरलेलं. मला म्हणाल्या, गचके देऊ नको."

मी उडालोच. अरे, चोर कधी अनवाणी बसतो का? अक्कांना जीपमध्ये घातलं आणि निघालो.

त्या घरी पोचलो तर अंगणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचा खमंग वास आणि बायकांची गाणी. चौरंगावर माय थाटात बसलेली! घरातले कर्ते नाना हात जोडून पुढे आले.

"आम्ही चोरी नही करी, साहेब. माय सोता उनी."

माय आपणहून आली, असं त्यांना वाटण्याला कारण होतं. त्यांच्या घरची कानबाई वडील वारल्यापासून बंद पडली होती. शुक्रवारी ते मुलाला आणायला विमानतळावर गेले. पाहुणे बाहेर येतात त्याच दाराशी, हळदकुंकू ल्यालेली, एकटी माय बसलेली दिसली. ऐन कानबाईच्या सणाच्या तोंडावर! त्यांनी दुसरा विचारच केला नाही. खरं सांगतो, त्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं.

नानांची आई उठून पुढे आली. "तुमची असेल तर न्या हो," म्हणाली आणि रडू लागली. मी पंचनाम्याचा कागद काढला होता, तो तसाच हातात राहिला.

अक्का चौरंगासमोर बसल्या. नथ निरखली, पदर सारखा केला. मग त्या माऊलीचा हात धरून म्हणाल्या, "बसेल मायले उठाडतंस का? उद्या लई जासू." म्हणजे बसलेली माय आज उठवायची नाही, उद्याच न्यायची. आणि तिथूनच मुलांना फोन लावला. "माय येत नही. तुम्ही या."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. चार वर्षं न मिळालेली सुट्टी तासाभरात मिळाली! संध्याकाळच्या विमानानं दोघं बायकापोरांसह हजर. अक्कांनी नवा नारळ मागवला, मायशेजारी पुजला आणि नानांच्या घरी ठेवला. सोमवारी वाजतगाजत मिरवणूक निघाली आणि अक्का आपली माय घेऊन गावी परतल्या. तक्रार मागे घेतली गेली. बंदोबस्ताच्या नावाखाली मीही पोटभर रोट खाल्ले.

पुढे मी विमानतळाच्या साहेबांना भेटून बाक आणि सावली मागितली. छप्पर झालं, भिंत तशीच राहिली. या प्रकरणानं मला एक शिकवलं. हरवलेली वस्तू शोधताना आधी जागा बघावी, माणसावर संशय नंतर घ्यावा. चुकीच्या जागी लावलेलं दार भल्या माणसाला चोर ठरवू शकतं.

पुढच्या श्रावणात अक्कांना फोन करून विचारलं, "यंदा विमानानं जाणार का?"

मागे विमानानं गावी आलेल्या नातवंडांचा गलका चालला होता. अक्का ठसक्यात म्हणाल्या, "इमान पोऱ्हेसले आनाकरता शे, साहेब. मायले नेवाकरता नही."